एक्केचाळीस बाधित वाक्यं

राजापेठेत मी ज्या घरी भाड्याने राहायचे तिथला फोन घरमालकीणबाईंच्या बैठकीत होता. तो वाजला की आधी त्या उचलायच्या, कोण, कुठून, काय काम, एवढी चौकशी पूर्ण करायच्या आणि मग मला हाक मारायच्या. संध्याकाळी सातचा फोन मात्र त्या उचलत नसत. तो अकोल्याहून माझ्या बाबांचा असायचा आणि त्यांना काही विचारून उपयोग नसायचा. मी दहावीच्या मुलांची गणिताची शेवटची शिकवणी आटोपून धावत यायचे, रिसीव्हर कानाला लावायचे, आणि पलीकडून बाबांचा आवाज यायचा, "जेवली काय माय?" मी सांगायचे, नाही अजून, आज खिचडी आहे. पलीकडून पुन्हा तेच, "जेवली काय माय?" मग आई फोन घ्यायची आणि बाकीचं बोलायची.

हे ऐकून कोणाला वाटेल की बाबांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. डोकं अगदी जागेवर होतं, माझ्यापेक्षा जरा जास्तच. आवाज नव्हता. त्याच्या दीड वर्ष आधी नागपूरला त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजाची पेटी काढून टाकावी लागली. गळ्याला खाली एक भोक राहिलं. त्यातून ते श्वास घ्यायचे आणि त्यावर आई पातळ मलमलीचा रुमाल बांधायची. फोनवर बोलायचं ते घरचं कॉम्प्युटर. बाबा स्पीकरला रिसीव्हर टेकवायचे आणि पडद्यावरचं एक चित्र दाबायचे.

बाबा कृषी खात्यात पर्यवेक्षक होते. आमच्या घरातून डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेले ते पहिलेच, त्यामुळे खात्याची शिस्त त्यांच्या अंगात जरा जास्त मुरली होती. भाजीत अळी निघाली तरी ते आधी कोणती ते बघायचे. ऑपरेशनच्या आधी सहा-सात महिने त्यांचा आवाज बसलेला होता. आम्ही ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, आल्याचा रस, सगळं करून पाहिलं, कारण आवाज बसला म्हणजे घसा बसला एवढीच आमची अक्कल होती. नागपूरच्या डॉक्टरांनी गाठ सांगितली तेव्हा सगळं भराभर झालं. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या चुलतभावाने डोकं चालवलं. त्याचा अकोल्यात लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ काढायचा स्टुडिओ होता. तो म्हणाला, काकांचा आवाज भरून ठेवू.

मी आणि आईने रात्री बसून वाक्यांची यादी केली होती. सुखी राहा, काळजी करू नका, मी आहे, अशी. बाबांनी ती वाचली, खिशातलं लाल पेन काढलं आणि अर्धी यादी खोडली. "हे म्या कधी म्हतलं?" असं त्यांनी विचारलं. मग त्यांनी स्वतःची वाक्यं लिहिली. चा मांड. पंखा बंद करजो. मले भूक नाई. या, बसा. आज मीठ कमी पडलं. आधी झाड पाह्य, मंग दवाई मार. पान लाल झालं म्हनून घाबरू नको. पौर्णिमेला घरी वंदना तेच म्हणायचे, तर तिची पहिली ओळ. माझ्या वाट्याला जेवणाचं ते एक. सगळी मिळून एक्केचाळीस वाक्यं त्यांनी चुलतभावाच्या कॅमेऱ्यासमोर खुर्चीत ताठ बसून, मध्ये मध्ये पाणी पीत, घोगऱ्या आवाजात म्हटली.

चुलतभावाने त्या वाक्यांचं जे केलं ते समजून घ्यायला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. तेव्हा आमच्याकडचे स्टुडिओवाले लग्नाचे फोटो सीडीवर देताना त्यांचा आपोआप चालणारा अल्बम करून द्यायचे. सीडी घातली की अल्बम स्वतःच उघडायचा, गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या, सनई वाजायची. म्हणजे तो नुसता फोटो नसायचा, एक छोटासा प्रोग्रामच असायचा. भावाला तेच एक येत होतं. त्याने बाबांच्या प्रत्येक वाक्याचा एक-एक अल्बम केला. चित्र दाबलं की बाबांचा फोटो यायचा, वाक्य व्हायचं, फोटो जायचा. पाकळ्या काढता आल्या नाहीत म्हणून वंदनेच्या ओळीवरही चार पाकळ्या पडायच्या. फायलींना त्याने नावं दिली नव्हती, नुसते आकडे. पडद्यावरच्या चित्रांखाली मात्र मराठीत लिहून दिलं होतं, चहा, पंखा, पोरगी, असं.

आम्ही हसलो, पण त्या एक्केचाळीस चित्रांवर आमचं घर चालायला लागलं. गावोगावचे ओळखीचे शेतकरी बाबा निवृत्त झाले तरी त्यांना विचारायला यायचेच. त्या वर्षांत कपाशीवर दर हंगामात काहीतरी नवीन येत होतं, त्या साली पिठ्या ढेकूण होता, आणि सल्ला द्यायला औषधं विकणारे दुकानदारच उरले होते. प्लास्टिकच्या पिशवीत पानं घेऊन माणूस ओसरीवर बसायचा. बाबा भिंगातून पान बघायचे, आत जायचे, आणि आतून आवाज यायचा, "आधी झाड पाह्य, मंग दवाई मार." माणूस मान डोलवायचा आणि कॉम्प्युटरच्या दिशेने नमस्कार करून जायचा.

बाकी बोलणं पाटीवर. शाळेतली दगडी पाटी, कारण कागद लागतो म्हणून वहीला त्यांचा विरोध. आणि पाटीवर बाबा एकदम दुसरेच कोणी व्हायचे. 'चहा हवा आहे.' 'आपण केव्हा आलात?' जन्मात ते 'हवा आहे' म्हणाले नव्हते. पण हातात लिहायचं साधन आलं की तीस वर्षं अहवाल लिहिलेला हात आपोआप अहवालाची भाषा लिहायचा. आई चिडायची. म्हणायची, घरात तलाठी येऊन बसल्यासारखं वाटते. तेव्हा आमचे बाबा, आमच्या बोलीत बोलणारे, त्या एक्केचाळीस फायलींत होते आणि दुसरीकडे कुठेच नव्हते. हे मला तेव्हा कळत होतं असं नाही. कळलं असतं तर मी ती सीडी घेऊन गेलेच नसते.

सीडी म्हणजे कॉम्प्युटरचे व्हायरस मारायच्या सॉफ्टवेअरची. माझ्या शिकवणीतल्या कॉम्प्युटरला कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून असा रोग लागला होता की प्रश्नपत्रिका उघडली की दहा प्रश्नपत्रिका व्हायच्या. मी धास्तावले. एका शनिवारी अकोल्याला गेले आणि घरच्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर चढवून आले. आठवड्यातून एकदा, सोमवारी, ते स्वतःच सगळी तपासणी करेल अशी सोयही करून ठेवली. मला हुकूम सोडायला फार आवडतं, गणित शिकवणाऱ्यांना ती खोडच असते. मी जाड पेनाने एक कागद लिहून कॉम्प्युटरच्या डोक्यावर चिकटवला. लाल खिडकी आली तर घाबरू नये. तीन बटणं असतात. पहिलं, बाजूला ठेवा. दुसरं, नष्ट करा. तिसरं, सोडून द्या. तिसरं कधीही दाबू नये. बाबांनी तो कागद दोनदा वाचला आणि पाटीवर लिहिलं, 'सूचना स्पष्ट आहेत.' माझी छाती फुगली.

त्याच रविवारी आई दर्यापूरला मामांकडे गेली, भाचीचं बाळंतपण होतं. आठवडाभर बाबा एकटे. शेजारच्या चाची दोन वेळचा डबा देणार होत्या, त्यामुळे चिंता नव्हती.

सोमवारी सातला फोन आला. मी रिसीव्हर उचलला, पलीकडे काहीच नाही. हॅलो, हॅलो केलं. कोणीतरी टकटक केल्यासारखं वाटलं, मग फोन बंद झाला. मला वाटलं लाइन खराब आहे. बाबांचा फोन म्हणजे जेवणाचं ते वाक्य, ते आलं नाही म्हणजे हा फोन त्यांचा नव्हेच, असं धरून मी थोडी वाट पाहिली. आमच्या घरी उलटा फोन करून उपयोग नव्हता, उचलून बोलणार कोण, म्हणून वर निघून गेले. मंगळवारी पुन्हा तसंच. टकटक, टकटक, आणि कोणाचा तरी जोराचा श्वास. बुधवारी घरमालकीणबाई माझ्याआधी फोनजवळ उभ्या होत्या. त्यांनी मुका फोन ऐकला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच कोणाला तरी नंबर वाटून आले आहे. त्यांच्या घरात चांगल्या मुली राहतात, हे त्यांनी मला ऐकवलं. माझं डोकं फिरलं. त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि तोंडाला येईल ते बोलले. लाज नाही का वाटत, घरी आया-बहिणी नाहीत का, पुन्हा फोन केला तर पोलिसात देईन, आणि आणखी जे इथे लिहिता येणार नाही तेही. पलीकडची टकटक थांबली. घरमालकीणबाईंचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचींचा फोन आला. त्या इकडचं तिकडचं बोलत राहिल्या, डब्याचं, थंडीचं, त्यांच्या गुडघ्याचं. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "बेटा, ज्याले तू काल शिव्या देल्ल्या, थे तुहे बाबा होते."

बाबा पाटी घेऊन त्यांच्या दारात गेले होते. पाटीवर लिहिलं होतं, 'कृपया मुलीस कळवावे की फोन मी केला होता.' मला त्या शब्दांनी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी विचारलं, मग बोलले का नाहीत, ते चित्र दाबायचं ना. चाचींना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, त्या एवढंच म्हणाल्या की दाबतात पण आवाज निघत नाही. मी चुलतभावाच्या स्टुडिओत फोन लावला, तर तो खामगावला लग्नात, रविवारी दुपारी येणार. मुलांची सहामाही तोंडावर होती. आवाज निघत नाही म्हणजे स्पीकरची वायर निघाली असेल, असं मी स्वतःला समजावलं, आणि तीन दिवस काढले. त्या तीन दिवसांत सातचा फोन आला नाही.

रविवारी राजापेठच्या स्टँडवरून सकाळची पहिली अकोल्याची गाडी धरली. घरी पोहोचले तेव्हा लोडशेडिंग चालू होतं. वीज अकराला येणार आणि दोनला पुन्हा जाणार. बाबा ओसरीवर बसले होते. त्यांनी पाटी पुढे केली, 'ये. प्रवास कसा झाला?' मी पायाला हात लावला आणि माफी मागितली. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'कडक बोललीस. तेच योग्य.' चेहऱ्यावर हसू होतं की काय ते कळायच्या आत त्यांनी मान खाली घालून गळ्यावरचा रुमाल सारखा केला.

अकराला वीज आली. वायर जागच्या जागी होती. पडद्यावर चित्रंही सगळी होती, चहा, पंखा, पोरगी, फक्त पांढरीफटक पडली होती. मी 'पोरगी' दाबलं. एक छोटा टॉर्च आला आणि इकडून तिकडे फिरायला लागला, अंधारात काही हरवल्यासारखा. मग इंग्रजीत उत्तर आलं की जे मागता ते इथे नाही. चहा नाही, पंखा नाही, वंदना नाही. मी कचऱ्याची पेटी पाहिली, रिकामी. सगळ्या कप्प्यांत शोध घेतला. एकही नाही. एक फाइल गेली असती तर समजलं असतं, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस गेल्या आणि बाकी बारीकसारीक सगळं जागेवर, अगदी पत्त्यांचा खेळसुद्धा. चोर येऊन दुसऱ्या कशाला हात न लावता फक्त बाबांचे शब्द घेऊन गेला, असं काहीतरी झालं होतं. माझी विचारशक्तीच चालेना. मी बाबांवर ओरडले, तुम्ही नक्की काय केलं? त्यांनी शांतपणे लिहिलं, 'काही केले नाही. ठरलेली तपासणी केली.'

कसली तपासणी, म्हणून विचारलं, तर त्यांनी खिशातली डायरी काढून माझ्यासमोर धरली. सोमवारच्या पानावर नीट अक्षरात होतं: 'संपूर्ण तपासणी. बाधित ४१. सर्व बाजूला ठेवले. नष्ट केले नाही.'

मी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. एक्केचाळीस. सॉफ्टवेअर उघडलं, त्यात 'बाजूला ठेवलेले' असा एक कप्पा होता आणि त्यात आकड्यांच्या नावाच्या एक्केचाळीस ओळी. भावाने एकाच साच्यातून काढलेले, आपोआप चालणारे, आतून एकसारखे एक्केचाळीस छोटे प्रोग्राम त्या सॉफ्टवेअरला रोगाची साथच वाटले होते. नावात नुसता आकडा असल्यामुळे बाबांनाही काही कळायला मार्ग नव्हता. लाल खिडकी एक्केचाळीस वेळा आली आणि माझ्या हुकुमाप्रमाणे त्यांनी एक्केचाळीस वेळा बटण दाबलं. संध्याकाळी चित्र दाबलं तेव्हा टॉर्च आला. त्याचा आणि सकाळच्या तपासणीचा काही संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

मी विचारलं, दुसरं बटण का नाही दाबलं, नष्ट करायचं? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. त्यांनी पाटीभर लिहून मला शिकवलं. रोगट झाड दिसले म्हणून लगेच जाळायचे नसते. आधी उपटून बाजूला ठेवायचे, नमुना राखायचा, वरच्या साहेबांना दाखवायचा, साहेबांनी सही केली की मग जाळायचे. नमुना न ठेवता जाळले तर उद्या कोणी विचारील, रोग होता कशावरून? खाली अधोरेखित करून लिहिलं, 'आम्ही तुझी वाट पाहत होतो.' म्हणजे वरची साहेब मी. खात्याच्या त्या एका सवयीने सगळं वाचवलं होतं, दुसऱ्या कोणाचे बाबा असते तर दुसरं बटण दाबून मोकळे झाले असते. मला हसू आलं आणि लगेच गेलं, कारण कप्प्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की बाजूला ठेवलेलं सगळं सात दिवसांनी आपोआप नष्ट होईल. सोमवारपासून मोजलं तर आजचा सातवा दिवस होता. आज सुरू होताना धरायचा की संपताना, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि दोनला वीज जाणार होती.

मी बाबांना सांगितलं, बाबा, हे जे एक्केचाळीस आहे ना, हे तुम्ही आहात. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग डायरीकडे.  मग लिहिलं, 'रोग असे लिहिले होते', पाटी टेबलावर ठेवली आणि उठून ओसरीवर गेले.

मी सगळ्या ओळी निवडून 'परत करा' दाबलं. कप्पा रिकामा झाला. 'पोरगी' दाबलं, चित्राला रंग आला, बाबांचा फोटो क्षणभर दिसला, आणि तोंड उघडायच्या आत लाल खिडकी. बाधित. मी तिसरं बटण दाबलं, जे कधीही दाबू नये ते. तरी फाइल गेली ती गेलीच. कप्प्यात पाहिलं तर पुन्हा एक्केचाळीस. पुन्हा परत केल्या, पुन्हा उचलल्या गेल्या. मी एका दाराने आत घ्यायचे आणि ते सॉफ्टवेअर दुसऱ्या दाराने बाहेर काढायचं. चार-पाच वेळा हे झालं. शेवटी फाइल आत आहे की बाहेर आहे, रोगी आहे की चांगली, मी वाचवते आहे की मारते आहे, काहीच कळेना. एकदा तर कप्प्यात चाळीसच दिसल्या. पुन्हा मोजल्या, एक्केचाळीस होत्या. गणिताची मास्तरीण, आणि चाळीसच्या पुढे मोजता येईना.

अशात आई आली. दर्यापूरच्या गाडीतून उतरून थेट, हातात बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांचा डबा. तिला मी झालेलं सगळं सांगितलं. ती माझ्या शेजारी पाटावर बसली आणि म्हणाली, "म्हंजे आहेत ना थे त्यात? निंगाले तं नाईत?" मी म्हटलं, आहेत, पण बाहेर येऊ देत नाही. ती म्हणाली, मग रडून काहून राह्यली. मला कळलंच नव्हतं की मी रडत होते.

साडेबाराला चुलतभाऊ स्टुडिओत सापडला. मी म्हटलं, हे जाऊ दे, तुझ्याकडची मूळ कॅसेट दे, नवीन करू.  तो हळूच म्हणाला की ती कॅसेट राहिली नाही. सीझन होता, कॅसेटा महाग, काकांच्या वाक्यांवर त्याने मूर्तिजापूरचं एक लग्न चढवलं होतं. मी त्याला जे बोलले ते बुधवारच्या फोनपेक्षा वाईट होतं, पण या वेळी माणूस बरोबर होता. त्याने ऐकून घेतलं आणि मग कामाचं बोलला. तो म्हणाला, राखणदार जागा असताना कशी काढते? आधी त्याले झोपव, मंग काढ, मंग तो उठायच्या आत त्याले सांग का ही घरचीच मानसं हायेत.

मी फोन कानाला धरून ठेवला आणि तो सांगेल तसं करत गेले. आधी सॉफ्टवेअर बंद केलं. कप्प्यातल्या ओळी परत केल्या. मग घरच्या माणसांची एक वेगळी यादी असते, तिच्यात बाबांच्या फायलींचा कप्पा नोंदवला. मग सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं आणि आम्ही तिघं, मी, आई आणि फोनवरचा भाऊ, थांबलो. लाल खिडकी आली नाही. मी एका कोऱ्या सीडीवर सगळ्या उतरवून घेतल्या, दुसरीवरही घेतल्या. तेव्हा दीड वाजला होता.

मग मी एकेक दाबायला लागले. चा मांड. आई म्हणाली, मांडते. पंखा बंद करजो. आई म्हणाली, थंडीत कोन लावला तुमचा पंखा. आज मीठ कमी पडलं. आई म्हणाली, आठ दिवस चाचीच्या हातचं खाल्लं आन् नाव माह्यं. प्रत्येक वाक्याला ती उत्तर देत होती आणि पदर डोळ्याला लावत होती. मला इतका आनंद झाला होता की मी तेच तेच 'पोरगी' तीनदा दाबलं. जेवली काय माय? जेवली काय माय? माझे बाबा मला परत मिळाले होते, आणि ते मी स्वतः मिळवले होते, या गोष्टीचा मला गर्व वाटत होता हे कबूल करायला हवं.

बाबा दारात येऊन उभे होते. केव्हापासून ते माहीत नाही. मी म्हटलं, बाबा, सगळे परत आले, एकही गेला नाही. त्यांनी मान हलवली. आत आले, आईच्या शेजारी बसले, आणि मी दाबत गेले तशी एक्केचाळीसही वाक्यं पूर्ण ऐकली, पावसाचा अंदाज ऐकतात तशी, मान थोडी तिरपी करून. वंदनेच्या ओळीला त्यांनी हात जोडले. पाकळ्या पडल्या. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा त्यांनी टेबलावरची पाटी ओढून घेतली. मला वाटलं शाबासकी असेल, अहवालाच्या भाषेत. त्यांनी लिहिलं आणि पाटी आमच्याकडे वळवली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यांनी पाटीवर आमच्या बोलीत लिहिलं होतं.

'हा तं बिमारीतला आवाज हाय. माहा पहिलचा आवाज तुमाले याद नाई काय?'

आई लगेच म्हणाली, याद कशी नाई, आहे ना. तिने फार लवकर म्हटलं. बाबा माझ्याकडे पाहत राहिले. मीही हो म्हणणार होते. त्याआधी एकदा खात्री करावी म्हणून मी आठवायला गेले. बाबांची बदली वलगावला असताना मी सात-आठ वर्षांची होते. संध्याकाळी ते नाल्याच्या पलीकडच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, मला हाक मारायचे, आणि ती अख्ख्या शिवारात ऐकू जायची, असं सगळे सांगतात. मला तो धुरा दिसला, त्यांचा पांढरा शर्ट दिसला, वर केलेला हात दिसला. बाबांनी तोंड उघडलं. जो आवाज आला तो घोगरा होता.